ज्याने दोनदा जीव द्यायचा प्रयत्न केला, त्याच शास्त्रज्ञाने आतड्यातल्या जिवाणूंची ताकद जगाला दाखवली

जिमला जाणाऱ्या पोरांच्या बॅगेत पूर्वी व्हे प्रोटीन आणि फार तर क्रिएटिन सापडायचं. आता त्यात अजून एका पावडरीची भर पडली आहे. तिचं नाव प्रीबायोटिक.

दावा असा असतो की नुसतं खाऊन उपयोग नाही, खाल्लेलं अंगाला लागलं पाहिजे. आणि ते लागायचं असेल तर आतड्यातले चांगले जिवाणू खूश पाहिजेत. प्रीबायोटिक म्हणजे त्या जिवाणूंचा खुराक.

ऐकायला एकदम नवं वाटतं. पण आतड्यातले जिवाणू आपल्या तब्येतीचा कारभार चालवतात आणि आपण काय खातो त्यावरून ते बदलतात, ही गोष्ट एका माणसाने शंभर वर्षांपूर्वी जगाला घसा फोडून सांगितली होती. त्याचं अर्धं म्हणणं बरोबर निघालं, अर्धं साफ चुकलं. तरी आजही या विषयाची सुरुवात त्याच्याच नावाने होते.

त्याचं नाव इल्या मेचनिकॉव्ह.

दोन वर्षांत डिग्री संपवणारा पोरगा

मेचनिकॉव्हचा जन्म मे १८४५ चा. गाव खार्किवजवळचं, म्हणजे आजच्या युक्रेनमधलं. तेव्हा तो सगळा भाग रशियन साम्राज्यात होता. वडील झारच्या फौजेत अधिकारी आणि जमीनदार. आई एका ज्यू लेखकाची मुलगी. पाच भावंडांत इल्या सगळ्यात धाकटा.

घरात एकापेक्षा एक डोकी होती. एक भाऊ लेव्ह पुढे भूगोलतज्ज्ञ म्हणून नावाजला. दुसरा भाऊ इव्हान न्यायाधीश झाला. त्याच्याच मरणावरून टॉलस्टॉयला 'इव्हान इलिचचा मृत्यू' ही कथा सुचली असं मानलं जातं.

इल्याला लहानपणापासून किडे, झाडं, प्राणी यांचं वेड. खार्किवच्या विद्यापीठातला चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोनच वर्षांत संपवला. मग जर्मनी, तिथून इटलीतलं नेपल्स. समुद्रातले बारीक जीव सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बघत बसायचं, एवढाच त्याचा उद्योग. पंचविशीत तो ओडेसाच्या विद्यापीठात प्राणीशास्त्राचा प्राध्यापक झाला.

करिअर जोरात होतं, पण घरात वेगळंच चाललं होतं.

नवरीला खुर्चीवर बसवून चर्चमध्ये नेलं

१८६९ साली त्याचं लग्न ठरलं ल्युदमिलाशी. तिला क्षयाने इतकं पोखरलं होतं की लग्नाच्या दिवशी चालायचीही ताकद नव्हती. तिला खुर्चीवर बसवून चर्चमध्ये आणावं लागलं.

त्या काळात क्षयावर औषध नव्हतं. हवापालट हाच इलाज. तिला बरं वाटावं म्हणून मेचनिकॉव्हने पडेल ते काम केलं, कर्ज काढलं, भाषांतरं केली, तिला घेऊन उबदार प्रदेशात फिरला. शेवटी १८७३ साली मदेरा बेटावर ती गेली.

तो कोसळला. डोळे आधीच बिघडले होते, पैसा संपला होता, काम थांबलं होतं. परतीच्या वाटेवर त्याने विषारी औषध घेऊन आयुष्य संपवायचा प्रयत्न केला, पण वाचला. असं सांगतात की त्यानंतर एका संध्याकाळी जीनिव्हात पुलावरच्या दिव्याभोवती घिरट्या घालणारे किडे त्याला दिसले. इतकं थोडं आयुष्य असलेल्या या जिवांवर निसर्गाची निवड नेमकी कशी काम करत असेल, असा प्रश्न त्याच्या डोक्यात आला. प्रश्न आला आणि माणूस पुन्हा कामाकडे वळला.

दोन वर्षांनी त्याने दुसरं लग्न केलं. ओल्गा वयाने बरीच लहान, त्याच इमारतीत राहणाऱ्या कुटुंबातली. पुढे आयुष्यभर तिने त्याला साथ दिली आणि त्याचं चरित्रही तिनेच लिहिलं.

पण १८८० साली ओल्गाला विषमज्वर झाला आणि ती मरता मरता वाचली. तिकडे विद्यापीठात राजकारण तापलं होतं. मेचनिकॉव्ह पुन्हा खचला. या वेळी त्याने वेगळाच मार्ग निवडला. एक प्रकारचा ताप रक्तातून पसरतो का, हे तपासायला म्हणून त्याने रोग्याचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. मेलो तरी विज्ञानाच्या उपयोगी पडेन, हा हिशोब. तो भयंकर आजारी पडला, पण पुन्हा वाचला. आणि या आजारातून उठलेला मेचनिकॉव्ह निराळाच होता. त्याला आता जगायचं होतं.

घरचे सर्कशीला गेले आणि याने नोबेल कमावलं

१८८१ साली झारची हत्या झाली. विद्यापीठांवरचा दबाव वाढला आणि मेचनिकॉव्हने राजीनामा देऊन टाकला. ओल्गाच्या माहेरची थोडी मालमत्ता हाती आल्यामुळे खायची भ्रांत नव्हती. तो कुटुंबाला घेऊन इटलीत सिसिली बेटावरच्या मेसिनाला गेला. ओल्गाचे आईवडील गेल्यामुळे तिची धाकटी भावंडंही सोबत होती.

१८८२ सालच्या शेवटी एके दिवशी घरातली सगळी मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली. हा मात्र घरात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला होता. समोर होती स्टारफिशची पारदर्शक पिल्लं. त्यांच्या शरीरात इकडून तिकडे फिरणाऱ्या पेशी त्याला दिसत होत्या.

त्याच्या डोक्यात आलं की या पेशी बाहेरून घुसलेल्या शत्रूशी लढत असतील तर? शरीरात काटा घुसवला तर त्या पेशी काट्याभोवती जमायला हव्यात.

बागेतून गुलाबाचे काटे आणले, पिल्लांच्या शरीरात टोचले. रात्रभर झोप नाही. सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला.

शरीरात शिरलेल्या परक्या गोष्टीला गिळून टाकणाऱ्या या पेशी म्हणजे भक्षक पेशी, फॅगोसाइट. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंना खातात, हे आज शाळेतल्या पुस्तकात असतं. तेव्हा हे म्हणणं धाडसाचं होतं. रोगाशी रक्तातला द्रव लढतो, पेशी नाही, असं मानणारा जर्मन शास्त्रज्ञांचा मोठा गट त्याच्यावर तुटून पडला. हे भांडण वीसेक वर्षं चाललं. शेवटी दोन्ही बाजू खऱ्या ठरल्या. १९०८ सालचं वैद्यकातलं नोबेल मेचनिकॉव्ह आणि दुसऱ्या बाजूचे पॉल एअरलिक यांना वाटून देण्यात आलं.

ओडेसा सुटलं, पॅरिस मिळालं

मधल्या काळात ओडेसामध्ये जंतुशास्त्राचं केंद्र निघालं आणि मेचनिकॉव्ह त्याचा प्रमुख झाला. पण तो डॉक्टर नव्हता, त्यामुळे गावातल्या डॉक्टरांनी त्याला जुमानलं नाही. त्यातच मेंढ्यांना दिलेल्या लशीत गडबड झाली आणि हजारो मेंढ्या मेल्या. वैतागून तो १८८८ साली पॅरिसला लुई पाश्चर यांच्याकडे गेला. पाश्चर यांनी त्याला नव्या संस्थेत प्रयोगशाळा देऊ केली. तिथून तो मरेपर्यंत हलला नाही.

इथे एक धागा थेट मुंबईत येतो. ओडेसामध्ये मेचनिकॉव्हचा एक विद्यार्थी होता, वाल्देमार हाफकिन. ज्यू असल्यामुळे आणि सरकारविरोधी हालचालींमुळे त्याला रशियात वाव नव्हता. गुरूच्या ओळखीने तो पाश्चर संस्थेत लागला, तेही ग्रंथालयात. तिथेच त्याने पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर लस तयार केली. पुढे भारतात आला, १८९६ साली मुंबईत प्लेग पसरल्यावर प्लेगची लस बनवली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची.

कॉलऱ्याचे जंतू प्यायले आणि काहीच झालं नाही

१८९२ साली फ्रान्समध्ये कॉलऱ्याची साथ आली. या जंतूमुळेच कॉलरा होतो का, यावर अजून वाद होता. मेचनिकॉव्हने सरळ कॉलऱ्याचे जंतू पिऊन टाकले. त्याला काहीच झालं नाही. मग एक स्वयंसेवक पुढे आला, त्यालाही काही झालं नाही. तिसऱ्याने जंतू घेतले आणि तो मरता मरता वाचला.

एकच जंतू, मग फरक कशाने पडला?

मेचनिकॉव्हने काचेच्या बशीत कॉलऱ्याच्या जंतूंबरोबर वेगवेगळे जिवाणू वाढवून बघितले. काही जिवाणूंच्या शेजारी कॉलऱ्याचा जंतू फोफावायचा, काहींच्या शेजारी खुंटायचा. म्हणजे आतड्यात आधीपासून कोण राहतंय यावर पाहुण्याचं भवितव्य ठरतं.

आज मायक्रोबायोम हा शब्द सगळीकडे दिसतो. त्यामागचा मूळ विचार इथे आहे.

दह्याचं वेड

वय वाढलं तसा मेचनिकॉव्ह म्हातारपणाच्या मागे लागला. म्हातारपणाच्या अभ्यासाला जेरोन्टॉलॉजी हे नाव १९०३ साली त्यानेच दिलं. त्याचं गणित असं होतं. मोठ्या आतड्यात अन्न सडतं. सडवणारे जिवाणू विष तयार करतात. ते विष रक्तात जाऊन शरीराला हळूहळू म्हातारं करतं.

मग उपाय काय? दूध आंबलं की नासत नाही, कारण त्यातले जिवाणू लॅक्टिक आम्ल बनवतात आणि आम्लात सडवणारे जिवाणू वाढत नाहीत. तेच आतड्यात घडवून आणलं तर?

त्याच सुमारास बल्गेरियात शंभरी गाठलेली माणसं भरपूर आहेत आणि ती दही खातात, अशा बातम्या त्याच्या कानावर होत्या. १९०५ साली जीनिव्हात शिकणाऱ्या स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाने त्या दह्यातला जिवाणू शोधून काढला. मेचनिकॉव्हला हवा तो दुवा मिळाला.

ज्यांच्या घरात रोज विरजण लागतं त्यांना यात विशेष वाटणार नाही. पण दही ज्यांच्या ताटात नव्हतंच, त्या पॅरिसमध्ये हे सगळं औषधासारखं पसरलं. १९०४ साली म्हातारपणावर त्याचं जाहीर व्याख्यान झालं, वर्तमानपत्रांनी ते उचललं आणि युरोप-अमेरिकेत दह्याची लाट आली. औषधाच्या दुकानात दह्याच्या जिवाणूंच्या गोळ्या आल्या. जाहिरातींवर त्याचं नाव झळकू लागलं. दही खा आणि म्हातारे होऊ नका, असं त्याने सांगितल्याचं छापून यायचं. त्याचा स्वतःचा दावा बराच सावध होता. या धंद्यातून त्याने पैसा घेतला नाही, पण पैसे कमावल्याचा आरोप मात्र त्याला ऐकावा लागला.

त्याने स्वतःवर मात्र प्रयोग चालू ठेवला. वयाच्या ५३ व्या वर्षापासून रोज आंबवलेलं दूध. कच्चं काही खायचं नाही, पाणीसुद्धा उकळून.

आणि इथे तो प्रीबायोटिकच्या दारात पोहोचला

दही खाऊन काम भागत नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं. जिवाणू पोटात गेले तरी ते मोठ्या आतड्यात टिकायला हवेत. टिकायचे तर त्यांना साखर हवी. आणि अडचण अशी की आपण खाल्लेली साखर लहान आतड्यातच शोषली जाते. खालपर्यंत पोहोचतच नाही.

मग त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने कुत्र्याच्या आतड्यातून असा एक जिवाणू शोधला जो पिष्टापासून, म्हणजे स्टार्चपासून साखर बनवतो. बटाट्यातलं पिष्ट खालपर्यंत जाईल, हा जिवाणू तिथे साखर बनवेल आणि ती साखर चांगल्या जिवाणूंना मिळेल, अशी ती योजना.

योजना जगात चालली नाही. पण चांगल्या जिवाणूंना मोठ्या आतड्यात खायला कसं पोहोचवायचं, हा प्रश्न त्याने बरोबर पकडला होता. याच प्रश्नाच्या उत्तराला १९९५ साली ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रॉबरफ्रॉइड या शास्त्रज्ञांनी प्रीबायोटिक हे नाव दिलं.

निसर्गाने मात्र हे कधीच करून ठेवलंय. आईच्या दुधात अशा शर्करा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या असतात बाळाच्या आतड्यातल्या बिफिडो जिवाणूंसाठी. आणि अंगावर पिणाऱ्या बाळांमधले हे जिवाणू १९०० च्या आसपास पाश्चर संस्थेतच, ऑन्री तिसिए याने शोधले होते.

मेचनिकॉव्ह कुठे चुकला

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मोठं आतडं त्याला अडगळ वाटायचं. हा अवयव नसता तर बरं झालं असतं, असा त्याचा सूर होता. त्या काळात इंग्लंडमध्ये अर्बथनॉट लेन नावाच्या नामांकित सर्जनने बद्धकोष्ठाच्या रोग्यांची मोठी आतडी कापून काढायचा सपाटा लावला, तो याच विचारांच्या हवेत.

आज माहीत आहे ते नेमकं उलटं आहे. कांदा, लसूण, गहू, कच्चट केळं, चिकोरीचं मूळ यांत इन्युलिनसारखे तंतू असतात. शिजवून गार झालेल्या भात-बटाट्यातही न पचणारं पिष्ट तयार होतं. लहान आतड्याला यातलं काही पचत नाही. ते मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून बारीक साखळीची मेदाम्लं तयार होतात. त्यातलं ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन आहे. ज्याला तो अडगळ समजला, ती खरं तर दुसरी चूल निघाली.

दुसरी चूक जिवाणूची. बल्गेरियन दह्यातला जिवाणू माणसाच्या आतड्यात कायमचा घर करत नाही, हे पुढच्या काही वर्षांतच अमेरिकेत लिओ रेटगर यांच्या प्रयोगांतून दिसलं. दही वाया गेलं असं नाही. दह्यातले जिवंत जिवाणू दुधातली साखर पचवायला मदत करतात, हे नीट सिद्ध झालं आहे.

मग व्यायाम करणाऱ्यांनी काय समजायचं?

प्रीबायोटिकमुळे अन्नातलं पोषण जास्त शोषलं जातं का? सगळ्यात भक्कम पुरावा आहे कॅल्शियमचा. तंतू आंबले की मोठ्या आतड्यात आम्ल वाढतं, त्यात कॅल्शियम जास्त विरघळतं आणि विरघळलेलं कॅल्शियम शोषलं जातं. अमेरिकेत वाढीच्या वयातल्या मुलामुलींना वर्षभर रोज ८ ग्रॅम इन्युलिनसारखे तंतू दिले, तेव्हा त्यांचं कॅल्शियमचं शोषण आणि हाडातली खनिजं दोन्ही वाढली. हा अभ्यास २००५ सालचा.

प्रोटीनचं गणित वेगळं आहे. ते बहुतेक सगळं लहान आतड्यातच पचतं आणि शोषलं जातं. प्रीबायोटिकचं काम त्याच्या खाली सुरू होतं. त्यामुळे चमचाभर तंतूंनी व्हे प्रोटीन दुप्पट अंगाला लागेल, असा हिशोब कोणी मांडत असेल तर त्यात दम नाही.

जिवाणू आणि व्यायाम यांचा संबंध मात्र खरा आहे. २०१९ साली बोस्टन मॅरेथॉनच्या धावपटूंमध्ये शर्यतीनंतर व्हेलोनेला नावाचा जिवाणू वाढलेला दिसला. पळताना तयार होणारं लॅक्टेट तो खातो आणि त्याचं प्रोपिओनेट बनवतो. तो उंदरांना दिल्यावर ते पट्ट्यावर १३ टक्के जास्त वेळ धावले. पण ते उंदीर होते. माणसांसाठी तसा डबा अजून विज्ञानाने दिलेला नाही.

आणि एक गोष्ट जाहिरातीत नसते. तंतू आंबले की गॅस होतो. एकदम जास्त घेतलं तर पोट फुगतं, कळा येतात. लांब पल्ल्याच्या धावण्याआधी तर हा प्रयोग करूच नये. सुरुवात थोड्या प्रमाणाने करावी, आणि आधी ताटातली भाजी, डाळ, कांदा-लसूण बघावं.

शेवटचा प्रयोग

१९१३ पासून मेचनिकॉव्हला हृदयाचे झटके येऊ लागले. पुढच्या वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. प्रयोगशाळेतली तरुण पोरं आघाडीवर गेली, संशोधन ठप्प झालं. ज्याने आयुष्यभर माणसाचं जगणं लांबवायचा ध्यास घेतला, त्याच्या डोळ्यांसमोर विशीतली पोरं हजारोंनी मरत होती. हा घाव त्याला फार लागला.

शेवटचे महिने त्याने पाश्चर संस्थेतच, पूर्वी पाश्चर राहायचे त्या खोल्यांत काढले. स्वतःच्या दुखण्याच्या नोंदी तो डॉक्टरच्या नजरेने ठेवत होता. १५ जुलै १९१६ रोजी त्याचं निधन झालं. वय ७१.

दही खाऊनही शंभरी गाठली नाही म्हणून टीका करणारे होतेच. त्याचा हिशोब वेगळा होता. त्याची सगळी भावंडं त्याच्या आधी गेली होती, आणि आपण हा आहार सुरू करायला फार उशीर केला असं त्याला वाटत होतं.

मरणानंतर आपल्या शरीराची तपासणी व्हावी, अशी त्याची इच्छा होती. ती पाळली गेली. आणि दोनदा स्वतःहून मरणाच्या दारात जाऊन परत आलेल्या, नंतर तीस वर्षांहून जास्त काळ आयुष्याच्या बाजूने भांडलेल्या या माणसाच्या अस्थींचा कलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवण्यात आला.